घरातलं 'आयटी खातं' सांभाळणाऱ्यांनो, इथे या

चिंचोके

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला, तोही शेजारच्या वहिनींच्या मोबाइलवरून. "माझा भरलाय रे. दुकानवाला म्हणतो जुना झाला, आता नवाच घ्या." जुना म्हणजे किती, तर दोन वर्षांचा. ६४ जीबी. ना गेम, ना सिनेमे. ही बाई त्यात भरणार तरी काय? शनिवारी संगमनेर गाठलं, चहा घेतला आणि मोबाइल हातात घेऊन बसलो.

नातवाचे फोटो हुडकावे लागत होते. बाकी सगळी फुलं, सूर्योदय, वाफाळता कप, दत्तगुरू आणि त्यावर 'शुभ सकाळ'. एकच गणपती सात ग्रुपांवरून सात वेळा आलेला.

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, मग स्टोरेज अँड डेटा, मग मॅनेज स्टोरेज असं गेलं की पाच एमबीच्या वरच्या फायली एका ढिगात आणि खूपदा फॉरवर्ड झालेल्या दुसऱ्या ढिगात, अशा आयत्याच वेगळ्या काढलेल्या दिसतात. दुसरा ढीग एका फटक्यात उडवणार होतो, पण आई शेजारीच बसलेली. देवाचं चित्र आलं की "हा राहू दे". असं करत तास गेला, पण २३ जीबी मोकळे झाले आणि फोन पळायला लागला. नव्या फोनचे बारा हजार वाचले. अर्थात माझेच.

प्रत्येक घरात असा एक बिनपगारी माणूस असतो, रिमोटपासून राउटरपर्यंत सगळं त्याच्या गळ्यात. तुमच्या घरात तो तुम्ही असाल तर लिहा. 'दहा भन्नाट ट्रिक्स' छापाचं नको, त्याला यूट्यूब आहे. स्वतःच्या हाताने केलेलं आणि खरंच चाललेलं तेवढंच.

टिंबटिंब

पाणी उपसलंत, पण नळ चालूच ठेवलात. सहा महिन्यांनी परत संगमनेर.

त्याच स्टोरेज अँड डेटामध्ये 'मीडिया ऑटो-डाउनलोड' आहे. मोबाइल डेटा, वाय-फाय, रोमिंग, तिन्हीकडच्या खुणा काढून टाका. मग चित्र धूसर दिसतं आणि बोट लावलं तरच उतरतं. बरेच जण 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद करतात आणि काम झालं समजतात. त्याने फोटो गॅलरीत दिसायचे थांबतात, जागा खायचे थांबत नाहीत.

चिंचोके

हे केलं नव्हतं. आता फोनवरून सांगून करून घ्यायचं म्हणजे कठीण आहे. "वर उजवीकडे तीन ठिपके दिसतात का?" "उजवीकडे म्हणजे माझ्या का फोनच्या?"

खमंग_काकडी

अगदी अगदी! मी अमेरिकेत एडिसनला, आई डोंबिवलीत. आधी आम्ही दोघी असंच भांडायचो. आता व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लावते आणि तिला खालचं स्क्रीन शेअर दाबायला सांगते. तिला जे दिसतं तेच मला इथे दिसतं. "आई, त्याच्या वरचं. नाही गं, हिरवं. हां, तेच." मागच्या रविवारी अक्षरं मोठी करून दिली, भाषा मराठी करून दिली. अंथरुणातून न उठता.

निवृत्त_कारकून

ताई, युक्ती झकास आहे. पण आईंना एक वाक्य पाठ करून घ्या : स्क्रीन शेअर फक्त मुलीबरोबर. बँकेत उभा जन्म गेला म्हणून सांगतो, चोरांचीही हीच युक्ती आहे. आमच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना मेसेज आला, बिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार. खाली एक मोबाइल नंबर. यांनी घाबरून लावला. पलीकडचा माणूस इतका गोड बोलला की यांचा त्याच्यावर पुरता विश्वास बसला. त्याने स्क्रीन शेअर करायला लावली, 'तपासणीपुरते' दहा रुपये भरायला सांगितले आणि ओटीपी आला तो यांच्याबरोबर त्यानेही वाचला. खात्यातून अठ्ठेचाळीस हजार गेले.

दैव बलवत्तर, मुलगा घरात होता. त्याने लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर फिरवला. पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठलं तरच काही हाती लागतं, त्यामुळे आधी शेजाऱ्यांना सांगू, मग भावाला विचारू, यात जो अर्धा तास जातो तोच महागात पडतो. यांचे निम्मे परत आले. तक्रार केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवरही करता येते, पण आधी फोन.

आणि यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीही नाही. हे मी बायकोच्या फोनच्या पाठीवर कागद चिकटवून लिहिलंय. ती म्हणते, शोभा गेली फोनची. जाऊ दे.

वाटसरू७७

त्यात ते स्टार-चार-शून्य-एक वालं पण घाला. कुरियरवाला म्हणून फोन येतो, हा कोड लावा म्हणतो, आणि तुमचे सगळे कॉल त्याच्याकडे वळतात. ओटीपी फोनवर ऐकणारे मग गेलेच.

टिंबटिंब

दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोड दाबून होणारं कॉल फॉरवर्डिंग बंद ठेवायला कंपन्यांना सांगितलं, तेव्हापासून ते दार बरंचसं बंद झालंय. सध्याचा धोका एपीके फाइलचा, म्हणजे जी उघडली की फोनमध्ये ॲप बसतं ती. लग्नपत्रिका म्हणून येते, दंडाचं चलान म्हणून येते. पत्रिका असेल तर ती फोटो असेल नाहीतर पीडीएफ असेल. पत्रिका 'इन्स्टॉल' करावी लागत नाही हो.

निवृत्त_कारकून

आता स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे मी फक्त उपदेश करतो असं वाटायला नको.

चिंचोकेंसारखीच माझ्याही फोनमध्ये जागा संपली होती. मुलाने सांगितलेलं, "बाबा, फोटो सगळे गुगलवर जातात." मी म्हटलं, जातात ना, मग इथले कशाला? फोटोज उघडलं आणि थोरल्या नातीच्या बारशापासूनचे सगळे निवडून कचऱ्यात टाकले. संध्याकाळी हिने विचारलं, बारशाचे फोटो दिसत का नाहीत. गुगलवर बघितलं, तिथेही नाहीत! कारण ते दोन साठे नव्हेतच. एकाच कपाटाला दोन दारं आहेत. या दाराने काढलं की त्या दारातूनही गेलं.

रात्रभर झोप नाही. सकाळी मुलगा म्हणाला, ट्रॅश बघा. बॅकअप झालेले फोटो तिथे ६० दिवस पडून असतात, न झालेले ३० दिवस. सगळे होते. फोनमधली जागा मोकळी करायची तर त्याच ॲपात वर आपल्या चेहऱ्यावर टिचकी मारून 'फ्री अप स्पेस' करायचं, ते गुगलवरचं ठेवून फक्त फोनमधलं काढतं. आणि १५ जीबी फुकट मिळतात त्यात फोटो, मेल, ड्राइव्ह सगळे वाटेकरी. १ जून २०२१ च्या आधी 'हाय क्वालिटी'तले फोटो त्यात मोजत नसत, त्यामुळे जुन्यांची सवय मोडत नाही.

खारेवारे

आमच्याकडे रत्नागिरीस मोबाइलपेक्षा रिमोट जास्त मरतात. खारी हवा, त्यात जून ते सप्टेंबर. टीव्हीचा रिमोट चालेना की पहिला प्रश्न : रिमोट गेला की टीव्ही? दुकानात नेलं तर नवाच मिळतो.

मोबाइलचा कॅमेरा चालू करायचा, सेल्फीवाला. रिमोटचं पुढचं टोक त्याच्यासमोर धरायचं आणि कुठलंही बटण दाबायचं. डोळ्यांना काही दिसत नाही, पण मोबाइलच्या पडद्यावर टोकाचा दिवा जांभळट पांढरा लुकलुकतो. लुकलुकला म्हणजे रिमोट धडधाकट, बघायचं ते टीव्हीकडे. मागच्या कॅमेऱ्याने बऱ्याचदा दिसत नाही, त्याच्यापुढे इन्फ्रारेड अडवणारी काच असते. पुढच्याला ती कित्येक फोनांत नसते किंवा पातळ असते.

नाही लुकलुकला तर सेल बदलण्याआधी सेल काढून आतली स्प्रिंग बघायची. आमच्याकडे तिच्यावर हिरवी-पांढरी बुरशी चढलेली असते. बुरशी नव्हे, गंज. पण आई बुरशीच म्हणते. शाळकरी खोडरबराने घासायची, फुंकर मारायची, सेल परत घालायचे. गेल्या पावसाळ्यात घरातले दोन आणि भटजींचा एक, असे तीन रिमोट जिवंत केले. भटजींनी दक्षिणा म्हणून नारळ दिला.

नदीकाठ

खारेवारे, रिमोटचं आत्ताच करून बघितलं!! जांभळा दिवा दिसला. इतकी वर्षं हे कुणी का सांगितलं नाही?

वाटसरू७७

पावसाळ्यावरून आठवलं. फोन भिजला तर तांदळाच्या डब्यात. रात्रभर. आमच्या घरी तीनदा वाचलाय.

टिंबटिंब

तांदळामुळे वाचला नाही, रात्रभर बंद राहिला म्हणून वाचला. डब्याबाहेर ठेवला असता तर आणखी लवकर वाळला असता. ॲपलने आयफोनसाठी लेखी सांगितलंय की तांदळात ठेवू नका, बारीक कण आत शिरून बिघाड होतो. चार्जिंगची जागा खाली करून फोन हातावर हलके आपटा, पाणी निघू द्या, वारा लागेल अशा जागी ठेवा. बंद करा आणि चार्जिंगला लावायचा मोह आवरा. हेअर ड्रायर नको. चार्जिंगच्या भोकात कापूस-काडी तर नकोच नको.

खारेवारे

टिंबटिंबशी सहमत, आणि मी तांदूळ पिकवणाऱ्या गावचा आहे. बुटांच्या खोक्यात येतात त्या छोट्या पुड्या मात्र मी साठवून ठेवतो. फोनसाठी नाही, कॅमेऱ्याच्या पिशवीसाठी. लेन्सला बुरशी (ही खरी बुरशी) लागत नाही.

त्या भोकाचं म्हणाल तर कोरड्या दिवसांत वेगळा आजार असतो. चार्जर लावला की लागतो, हलवला की सुटतो. केबल बदलली, चार्जर बदलला, तेच. फोन बंद करून विजेरीच्या उजेडात आत बघा. खिशातला कापूस दाबून दाबून त्याचा नमदा झालेला असतो, त्यामुळे पिन पूर्ण आत जात नाही. लाकडी दातकोरणीने कडेकडेने अलगद उकरायचा. टाचणी, सुई अजिबात नाही. माझ्या मेव्हण्याच्या फोनमधून अर्ध्या चण्याएवढा गोळा निघाला. दुकानात त्याला 'पोर्ट बदलावा लागेल' सांगितलेलं.

शाई_दौत

हार्डवेअरवाल्यांनी धागा पळवला. मी मुद्रितशोधनाचं काम करते, त्यामुळे माझ्या घरचं आयटी खातं म्हणजे मराठी टंकन. तीन गोष्टी रोज विचारल्या जातात.

सगळ्यात आधी 'ऱ्य'. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गणेशोत्सवानंतर चिटणिसांनी लिहिलं, 'आचार्यांचे पैसे द्यायचे राहिले आहेत.' प्रवचनाला आलेले आचार्य त्या ग्रुपवर होते. ते नम्रपणे म्हणाले, मी मानधन घेत नाही. द्यायचे होते आचाऱ्यांचे, म्हणजे मसालेभात केला त्यांचे! एका रफारात माणूस व्यासपीठावरून भटारखान्यात जातो. दर्या आणि दऱ्या, तीच गत.

फरक असा की साधा र मोडून पुढे य जोडला की रफार होतो, र्य. आपल्याला हवा नुक्ता (खाली टिंब) असलेला ऱ, तो मोडून य जोडायचा. संगणकावर इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची कळांची मांडणी) वापरत असाल तर शिफ्टसकट जे, मग डी, मग प्रश्नचिन्हाची स्लॅशवाली कळ. झालं ऱ्य. हाताला आठवडाभरात सवय होते. फोनवर मी वेगळीच पळवाट काढली. जीबोर्डच्या, म्हणजे गुगलच्या कीबोर्डच्या, सेटिंगात पर्सनल डिक्शनरी असते, तिथे शब्द आणि त्याचा आखूड संकेत लिहून ठेवता येतो. रफार पडून ज्यांचा घोटाळा होतो असे सगळे शब्द माझ्याकडे तिथे बरोबर लिहून ठेवलेत : सुऱ्या, पायऱ्या, वाऱ्यावर, कोपऱ्यात. घरचा पत्तासुद्धा तिथेच आहे. 'घप' लिहिलं की पिनकोडसकट पूर्ण पत्ता वर येतो. कुरियरच्या माणसाला महिन्यातून दहादा पाठवावा लागतो, टिचकी मारली की झालं.

दुसरं ॲ. 'अ‍ॅप' शोधलं तर सापडत नाही आणि 'ॲप' शोधलं तर सापडतं, हे कुणाला दिसलंय का? दिसायला दोन्ही सारखे. पण एक आहे अ वर चंद्र चढवलेला, आणि दुसरा मुळातच एक अक्षर. हे एक अक्षर युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांची अक्षरांची सामायिक यादी) २००८ साली आलं, त्यामुळे त्याआधीचा मजकूर सगळा जोडकाम केलेला. संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी अक्षरं आहेत. तीनशे पानी पुस्तकात 'ॲ' बदलायचे असतील तर शोध दोनदा मारा. मी एकदाच मारला होता, लेखकाने छापील प्रत बघून मला फोन केला. त्या संभाषणाबद्दल नंतर कधीतरी.

तिसरं, जुन्या फायली. वडिलांनी वीस वर्षांपूर्वी टंकलेली घराण्याची हकिकत उघडली तर नुसता रोमन अक्षरांचा चिवडा. फाइल बिघडलेली नाही! तेव्हाचे कृतिदेव, शिवाजी वगैरे फॉन्ट आत रोमन अक्षरंच ठेवत आणि वर मराठीचं चित्र दाखवत. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो. तोच फॉन्ट परत टाका, मजकूर दिसतो. मग त्या फॉन्टसाठीचं युनिकोड परिवर्तक शोधून एकदाच सगळं बदलून ठेवा, आणि ऱ्हस्व वेलांट्या डोळ्यांनी तपासा, त्या जागा सोडतात.

मधली_सुट्टी

शाई_दौत ताई, आचाऱ्यांचे पैसे शेवटी दिले का?

इन्स्क्रिप्ट शिकायला कंटाळा येणाऱ्यांसाठी : विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच असतो, वेगळं काही उतरवावं लागत नाही. भाषांच्या सेटिंगात मराठी जोडा, मग विंडोजची कळ आणि स्पेस दाबली की मराठी-इंग्रजी अदलाबदल. विंडोज आणि व्ही दाबलं की आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी येते, शिक्षकांना पेपर काढताना वरदान. आणि चुकून बंद केलेला टॅब कंट्रोल-शिफ्ट-टी ने परत येतो. माझी निम्मी शाळा हे बघून टाळ्या वाजवते.

आमच्या घरचा किस्सा राउटरचा. रोज सकाळी साडेआठला नवऱ्याची मीटिंग तुटायची. बरोबर साडेआठलाच. कंपनीला फोन, माणूस आला, तपासलं, सगळं ठीक. त्याचंही तेच, "राउटर जुना झालाय, नवा घ्या." एका रविवारी मीटिंग नव्हती तरी साडेआठला माझं गाणं अडकलं, आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातून मायक्रोवेव्हचा 'टिंग'. सासूबाई रोज त्या वेळी दूध गरम करतात! मायक्रोवेव्ह चालतो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास आणि वाय-फायचा जुना पट्टा २.४ चा. राउटर फ्रिजच्या डोक्यावर, मायक्रोवेव्ह शेजारी. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या नावावर जोडला, राउटर दिवाणखान्यात उंचावर आणला, प्रश्न संपला. ५ चा वेग चांगला, पण दोन भिंतींपलीकडे तो दमतो, म्हणून मागच्या खोलीतला टीव्ही २.४ वरच ठेवलाय.

लाइट गेली की नेट जातं त्यांनी राउटरपुरता छोटा यूपीएस घ्यावा. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवर छापलेलं वाचा. व्होल्ट जुळायलाच हवेत, बहुतेक १२ असतात, आणि अँपिअर यूपीएसचे तेवढे किंवा जास्त हवेत. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते. हे विसरून मी तीन दिवस यूपीएसला शिव्या घातल्या.

शाई_दौत

दिले. आचार्यांनीच आठवण केली.

नदीकाठ

मी फक्त वाचायला आले होते, पण एक सांगते. माझ्या आजोबांना ऐकू कमी येतं आणि यंत्र कानात घालायला ते तयार नाहीत. गुगलचं 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' म्हणून ॲप आहे, फुकट आहे, मराठी ओळखतं. समोरचा बोलतो ते पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटत जातं. जुना टॅब पडून होता, तो जेवणाच्या टेबलावर उभा करून ठेवला.

पहिल्या दिवशी आजीला माहीत नव्हतं. ती नेहमीसारखी पोळी वाढता वाढता पुटपुटत होती. आजोबा चष्मा सरसावून वाचतायत. पडद्यावर आलं : 'तीनदा विचारलं भाजीत मीठ आहे का यांना काय भिंतीला सांगितलं तरी तेच'. आजोबांनी मान वर केली आणि म्हणाले, "मीठ बरोबर आहे. आणि हे तू रोज बोलतेस?"

आजीने टॅबवर फडकं टाकलं. आता जेवताना दोघांच्या संमतीने काढतात.

खमंग_काकडी

फडकं!! 😂 हे आजच आईच्या टॅबवर टाकते. बाबांना नको सांगायला.

चिंचोके

धागा वर काढतोय, अहवाल द्यायचा होता. खमंग_काकडींच्या युक्तीने स्क्रीन बघून आईकडून ऑटो-डाउनलोड बंद करून घेतलं. वीस मिनिटं लागली. त्यात सात मिनिटं छताचा पंखा दिसत होता. निवृत्त_कारकून काकांचं वाक्यही पाठ करून घेतलं, तिने ते कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली लिहिलंय.

लगेच कीबोर्डवरच्या माइकचं बटण दाबून मराठीत बोलून मेसेज लिहायलाही शिकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा दहाला तिचा पहिला मेसेज आला, तसाच्या तसा देतो : 'अरे काल तू काय केलंस सगळे देव धुरकट झालेत'.

समजावलं, बोट लावलं की स्वच्छ दिसतात, नको असेल ते लावू नकोस. तिला ते पटलं. आता रोज पहाटे चष्मा लावून, एकेका चित्रावर बोट ठेवून, सगळीच्या सगळी उतरवून घेते. काल म्हणाली, बरं झालं, आधी नुसती यायची, आता दर्शन घेतल्यासारखं वाटतं.

दिवाळीला संगमनेरला जातोच आहे.